युनिक्स आणि त्याचे शेजारी

वाराणसीच्या दक्षिणेला काशी हिंदू विश्वविद्यालयाचे विस्तीर्ण आवार पसरलेले आहे. तेथील अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा १९१९ सालापासूनची. २०१२ साली त्या संस्थेला भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळाला. याच संस्थेत १९ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. मराठी कानाला ‘शिवाय’ हा शब्द थोडा चमत्कारिक वाटेल. पण येथे तो अव्यय नसून शिव या शब्दाची संस्कृतातील चतुर्थी आहे. राष्ट्रीय महासंगणन योजनेखाली उभारलेला हा पहिला महासंगणक. पुण्याच्या ज्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ तयार केला, तिनेच तोही सिद्ध केला. त्याची कमाल क्षमता सेकंदाला ८३७ लाख कोटी आकडेमोडी इतकी सांगितली जाते.

अशा यंत्राचे कौतुक वृत्तपत्रांतून पुष्कळ होते. परंतु ज्यांचे संशोधन त्यावर चालते, ती माणसे त्याच्यासमोर बसलेली नसतात. ती आपापल्या विभागातल्या एखाद्या खोलीत, टेबलावरच्या एका साध्या वर्कस्टेशनपुढे बसतात. धातूच्या कणरचनेचे किंवा प्रथिनाच्या घडीचे गणित तेथे मांडले जाते, तेथून ते महासंगणकाच्या रांगेत जाते आणि उत्तरही तेथेच परत येते. महासंगणक सांभाळायला तज्ज्ञांचे पथक असते. टेबलावरचे यंत्र सांभाळणारा मात्र बहुधा एखादा तंत्रज्ञ किंवा एखादा संशोधक विद्यार्थीच असतो, आणि तीन-चार वर्षांचे श्रम सुरक्षित राहतात की नाही, हे पुष्कळदा त्याच्याच हातात असते.

महासंगणक आणि असे वर्कस्टेशन यांचे कूळ एकच. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे, आणि लिनक्स म्हणजे युनिक्सचाच नवा अवतार. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे मुख्य कर्ते. त्या काळी संगणक इतका महाग होता की एका माणसाला एक यंत्र ही कल्पनाच कोणी केली नसती. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे, तेही एकमेकांच्या कागदांना हात न लावता, ही तेव्हाची गरज होती. पुण्याच्या जुन्या वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडे नांदत, प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळे, पण आड आणि अंगण सामाईक, तशीच युनिक्सची घडण झाली. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहावयास घेतले, तेव्हा त्यानेही हीच घडण स्वीकारली.

घरोघरी पोचलेल्या वैयक्तिक संगणकाची गोष्ट निराळी. १९८१ साली आलेली एमएस-डॉस ही प्रणाली एका माणसासाठी, एका खोलीसाठी होती. तिच्यात फाइलीला मालकच नव्हता. पुढे १९९३ साली विंडोज एनटी आल्यावर त्या घराण्यातही मालकी आणि हक्क आले, आणि ते आजच्या विंडोजमध्ये चांगले भक्कम आहेत. पण त्यांची भाषा युनिक्सहून वेगळी राहिली. विद्यापीठाच्या जाळ्यात ही दोन्ही घराणी शेजारी-शेजारी राहतात. कार्यालयात विंडोज, प्रयोगशाळेत लिनक्स, प्राध्यापकांच्या हाती मॅक, भिंतीला टेकलेला छापयंत्राचा डबा वेगळाच. यालाच मिश्र जाळे म्हणतात. अशा जाळ्यात यंत्राला पत्ता देणे आणि नाव देणे ही कामे आज फारशी कठीण राहिलेली नाहीत. ती बरीचशी आपोआप होतात. खरी अडचण येते ती ओळखीची.

काशीला गेलेल्या मराठी यात्रेकरूला आपल्या तीर्थोपाध्यायाकडे नुसते ‘जोशी’ असे सांगून भागत नाही. गाव, गोत्र, आजा-पणजा सांगितल्यावर त्याचे घराणे वहीत सापडते. युनिक्सचीही अशी वही असते. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या नावासमोर एक संख्या लिहिलेली असते, आणि महत्त्वाची गोष्ट ही की यंत्र नाव लक्षात ठेवीतच नाही. नाव हे माणसांच्या सोयीसाठी असते. यंत्राच्या दृष्टीने फाइलीचा मालक म्हणजे ती संख्या. सर्वाधिकारी असलेल्या ‘रूट’ या वापरकर्त्याची संख्या शून्य. इतर माणसांना आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींमध्ये १००० पासून पुढे संख्या मिळतात.

प्रत्येक फाइलीवर तीन प्रकारच्या लोकांचे हक्क नोंदलेले असतात: मालकाचे, त्याच्या गटाचे आणि बाकी साऱ्यांचे. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालविण्याला १ असे अंक धरून बेरीज करावयाची. म्हणजे ‘६४०’ असा हक्क लिहिलेला असेल तर मालकाने वाचावे व लिहावे, गटाने नुसते वाचावे, आणि इतरांनी हातही लावू नये. साऱ्या वाड्याची व्यवस्था तीन अंकांत सांगणारी ही पद्धत पन्नासहून अधिक वर्षे टिकली, यात नवल नाही.

एका यंत्रापुरते हे निर्दोष आहे. आता कल्पना करावी की विभागात दोन लिनक्स यंत्रे आहेत. पहिल्यावर एका विद्यार्थिनीचे खाते प्रथम उघडले, तिला १००० ही संख्या मिळाली. दुसऱ्यावर दुसऱ्याच एका विद्यार्थ्याचे खाते प्रथम उघडले. त्यालाही १००० मिळाली. दोघांच्या फाइली विभागाच्या सामाईक सर्व्हरवर एनएफएस या पद्धतीने ठेवल्या जातात. सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने १९८४ साली आणलेली ही पद्धत आपल्या साध्या रूपात परस्परविश्वासावर चालते: समोरच्या यंत्राने ‘मी १००० बोलतो आहे’ असे सांगितले की सर्व्हर ते मान्य करतो. परिणाम असा की तो विद्यार्थी त्या विद्यार्थिनीचा अप्रकाशित प्रबंध उघडू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. आणि सर्व्हरच्या लेखी काहीही गैर घडलेले नसते. कुलूप तोडले गेले नाही, पासवर्ड चोरीला गेला नाही, नोंदवहीत तक्रारीला जागा नाही. मालकानेच मालकाची फाइल उघडली, एवढेच तेथे लिहिलेले असते.

यावर उपाय एकच: सगळ्या यंत्रांची वही एक करावी. ज्या संस्थेत विंडोजची यंत्रे अधिक असतात तेथे ही वही बहुधा ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ या रूपात आधीपासून असते. २००० सालच्या विंडोजबरोबर आलेल्या या व्यवस्थेच्या पोटात दोन जुनी, सर्वमान्य तंत्रे आहेत. नोंदी विचारण्यासाठी एलडॅप आणि ओळख पटविण्यासाठी कर्बेरॉस. कर्बेरॉस हे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे अपत्य. ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरील तीन डोक्यांच्या कुत्र्याचे नाव त्याला दिलेले आहे. लिनक्स यंत्र या वहीत रीतसर सामील होऊ शकते. मग वापरकर्त्याला दोन्ही घराण्यांच्या यंत्रांवर एकच नाव आणि एकच पासवर्ड पुरतो.

पण येथेही एक खाचखळगा आहे. विंडोज माणसाला एवढी लहान संख्या देत नाही. ती एक लांबलचक ओळखमालिका देते. त्या मालिकेवरून युनिक्सची संख्या काढण्याचे काम लिनक्स यंत्राला करावे लागते. दोन यंत्रांवर हे रूपांतर वेगवेगळ्या नियमाने बसविले असेल, तर एकच माणूस एका यंत्रावर एक संख्या आणि दुसऱ्यावर दुसरी संख्या होऊन बसतो, आणि मघाचा घोटाळा मागच्या दाराने परत येतो. म्हणून व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी संख्यांचा टापू आणि रूपांतराचा नियम लिहून ठेवावा, आणि प्रत्येक नव्या यंत्रावर तोच बसवावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण नंतर लाखो फाइलींचे मालक दुरुस्त करीत बसण्यापेक्षा ते कितीतरी हलके.

ओळखीनंतर येते ती वेळ. दशाश्वमेध घाटाशेजारी मानमंदिर घाटावर सवाई जयसिंगाची अठराव्या शतकातील वेधशाळा आहे. तिच्या छायायंत्रावर दिसते ती वाराणसीची स्वतःची वेळ. भारताच्या प्रमाणवेळेचे ८२.५ अंशांचे रेखावृत्त वाराणसीच्या किंचित पश्चिमेला, मिर्झापूरजवळून जाते. त्यामुळे वाराणसीची सरासरी स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे दोन मिनिटे पुढे असते. उलट मुंबईची वेळ ३९ मिनिटे मागे, आणि ती सोडून द्यायला मुंबईकरांनी १९५५ साल उजाडू दिले! युनिक्सने या भानगडीत न पडता एक सरळ मार्ग काढला. १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून जागतिक प्रमाणवेळेनुसार किती सेकंद झाले, एवढेच ते मोजते. साडेपाच तास मिळविण्याचे काम फक्त माणसाला वेळ दाखविताना करते. विंडोज मात्र यंत्राच्या आतील बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात स्थानिक वेळच ठेवते. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली बसविल्या आणि ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर एकीतून दुसरीत जाताच घड्याळ साडेपाच तास चुकते.

साडेपाच तास दूरच राहोत, पाच मिनिटांचा फरकही पुरतो. कर्बेरॉसला सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक तफावत चालत नाही, कारण जुने ओळखपत्र चोरून पुन्हा दाखविणाऱ्याला ते असेच ओळखते. घड्याळ चुकलेल्या यंत्रावर अचूक पासवर्ड देऊनही प्रवेश नाकारला जातो, आणि बिचारा वापरकर्ता पासवर्ड बदलीत बसतो. अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात घडविलेली एनटीपी ही पद्धत जाळ्यावरून घड्याळे जुळविते. विभागातील सर्व यंत्रांनी, मग ती कोणत्याही घराण्याची असोत, एकाच ठिकाणाहून वेळ घ्यावी, एवढे पाहिले की हा प्रश्न मिटतो.

तिसरी गोष्ट अक्षरांची, आणि ती देवनागरी लिहिणाऱ्यांना अधिक जवळची. काशीत हिंदीचे आणि महाराष्ट्रात मराठीचे कितीतरी लेखन एके काळी खाजगी अक्षरसंचांत टंकलिखित झाले. अशा संचात पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या पोटात एखादे रोमन अक्षरच असे. तो अक्षरसंच नसलेल्या लिनक्स यंत्रावर असा कागद उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. युनिकोडने हा गोंधळ संपविला. ते युनिकोड साठविण्याची यूटीएफ-८ ही आज सर्वत्र चालणारी रीत १९९२ साली न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, जेवणाच्या टेबलावरील कागदावर, त्याच केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह मांडली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तरीही एक गाठ शिल्लक राहते. या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि मात्रा वेगळी मोजली जाते; म्हणजे ‘काशी’ या शब्दाला बारा बाइट. लिनक्सवरील नेहमीच्या डिस्करचनेत फाइलीचे नाव २५५ बाइटांहून मोठे असू शकत नाही. याचा अर्थ देवनागरी नाव ८५ चिन्हांत आवरावे लागते. विंडोजवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने, एखाद्या हस्तलिखिताचे लांबलचक शीर्षक जसेच्या तसे फाइलीला दिलेले तेथे चालते. लिनक्सच्या सर्व्हरवर त्याची प्रत करू लागताच ती नाकारली जाते. शंभर फाइलींतल्या तीनच राहून गेल्या तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. रोमन नावांतही असाच एक फेर आहे: लहान आणि मोठी अक्षरे युनिक्स वेगळी मानते, विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे युनिक्सवरच्या दोन निरनिराळ्या फाइली विंडोजच्या डिस्कवर नेताना एक दुसरीला पुसून टाकू शकते.

या दोन घराण्यांत फाइलींची देवघेव घडविणारा दुभाषा म्हणजे ‘सांबा’. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास त्याचा आरंभ केला. जाळ्यावरून यंत्रे एकमेकांशी काय बोलतात हे ऐकून ऐकून त्याने ती भाषा उलगडली. विंडोज यंत्राला सांबा बसविलेले युनिक्स यंत्र आपल्याच जातीचे वाटते. या भाषेच्या अनेक आवृत्त्या झाल्या, आणि त्यांतली पहिली आज धोक्याची ठरली आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या उपद्रवी प्रोग्रामने याच जुन्या आवृत्तीच्या विंडोजमधील दोषातून जगभरच्या यंत्रांत शिरून फाइली कुलूपबंद केल्या. तेव्हापासून ती आवृत्ती बंद ठेवावी असा नियम झाला.

नियम योग्य आहे. पण प्रयोगशाळेत तो पाळणे सोपे नसते. एखादा महागडा सूक्ष्मदर्शक किंवा वर्णपटमापक पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला असतो. त्याला जोडलेला संगणक विंडोज एक्सपीवर चालतो, त्याचे नियंत्रक सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर बसत नाही, आणि तो संगणक जुन्या आवृत्तीखेरीज दुसरे काही बोलत नाही. उपकरण तर उत्तम काम देते. नव्यासाठी पैसे नाहीत. अशा वेळी सगळ्या विभागाचे दार त्या एका शेजाऱ्यासाठी उघडे ठेवणे चूक, आणि उपकरण भंगारात काढणेही चूक. येथे युनिक्स वर्कस्टेशन मध्यस्थ म्हणून कामी येते. त्याला जाळ्याची दोन कार्डे बसवावी. एकाला फक्त तो जुना संगणक जोडावा, दुसऱ्याला विद्यापीठाचे जाळे. आणि एकीकडचे टपाल दुसरीकडे आपोआप जाणार नाही अशी तजवीज करावी. वर्कस्टेशनने ठराविक वेळी स्वतः जाऊन जुन्या संगणकावरील मोजमापे उचलावीत, आणि जुनी भाषा केवळ त्या एका भेटीपुरती वापरावी. इतरांना त्या फाइली वर्कस्टेशनकडून नव्या, सुरक्षित आवृत्तीत मिळतात. जुन्या संगणकाचा बाहेरच्या जगाशी संबंधच उरत नाही.

महासंगणकाकडे जाणारा रस्ता एसएसएचचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील टाटू युलोनेन यांनी १९९५ साली तो बांधला, कारण त्यांच्याच जाळ्यावर कोणीतरी उघडे जाणारे पासवर्ड टिपून घेतले होते. एसएसएचमध्ये पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते: सार्वजनिक किल्ली दूरच्या यंत्रावर, खाजगी आपल्याजवळ. ही खाजगी किल्ली इतर कोणाला वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरण्यास साफ नकार देते. पुष्कळ विद्यार्थी किल्ली पेन ड्राइव्हवरून नेतात. पेन ड्राइव्हची डिस्करचना बहुधा डॉसच्या घराण्यातली. तिच्यात फाइलीला मालक नसतो, म्हणून तेथे किल्ली साऱ्यांना उघडी दिसते. नकार आला की विद्यार्थी गोंधळतो. पण किल्ली आपल्या कप्प्यात उतरवून हक्क ‘६००’ केला की काम सुरू होते.

हीच गोष्ट राखीव प्रतीची. प्रबंधाच्या फाइली दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर उतरविल्या म्हणजे निश्चिंती झाली असे वाटते. ती डिस्क विंडोजच्या सोयीने आखलेली असली, तर अक्षरे सुखरूप राहतात, परंतु मालक, गट आणि हक्क वाटेतच गळून पडतात. आपत्तीनंतर सारे परत आणले की चाळीस जणांचे काम एकाच मालकाच्या नावावर आलेले असते. म्हणून जुने युनिक्सकार आधी सर्व फाइली ‘टार’ नावाच्या गाठोड्यात बांधतात आणि गाठोडेच डिस्कवर ठेवतात. गाठोड्याच्या आत प्रत्येकाची मालकी लिहिलेली राहते. आणि वर्षातून एक-दोन वेळा तरी ते गाठोडे रिकाम्या यंत्रावर उघडून पाहतात.

शून्य संख्येच्या त्या सर्वाधिकाऱ्याविषयी थोडेच सांगावयाचे. ‘रूट’ला युनिक्स प्रश्न विचारीत नाही, पुसून टाक म्हटले की पुसते, आणि आज्ञेत एक रिकामी जागा चुकीची पडली तरी पुसते. म्हणून रोजचे काम साध्या नावाने करावे आणि गरजेपुरता अधिकार ‘सूडो’ने मागून घ्यावा, म्हणजे कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली हे नोंदले जाते. एनएफएसच्या सर्व्हरवरही दुसऱ्या यंत्राचा ‘रूट’ परका समजला जातो, आणि ती तजवीज कोणाच्या सोयीसाठी काढून टाकू नये.

शेवटी, विद्यार्थी पदवी घेऊन जातो तेव्हा त्याचे खाते काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक विभागात दर उन्हाळ्यात येतो. खाते पुसले तरी सर्व्हरवर इतरत्र ठेवलेल्या त्याच्या फाइली राहतातच, आणि त्यांवर मालक म्हणून आता नाव नसते, केवळ संख्या असते. नवे खाते उघडताना लिनक्स सामान्यतः वहीतील सर्वांत मोठ्या संख्येच्या पुढची संख्या देते. पुसलेले खाते शेवटचे असेल तर तीच संख्या जुलैमध्ये आलेल्या नव्या विद्यार्थ्याला मिळते, आणि पहिल्याच दिवशी तो अनोळखी माणसाच्या कागदांचा मालक होतो. जाणते व्यवस्थापक म्हणून खाते पुसत नाहीत. ते त्याला कुलूप घालतात, फाइली मार्गदर्शकाच्या स्वाधीन करतात, आणि ती संख्या वहीत तशीच राहू देतात.